घाटावरचे दोन शब्द

मनोहर,

उद्या तुझी तेरवी, आणि तुझ्या घरून मला अजून एक फोन आलेला नाही.

कार्ड आलं. पण ते व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, सगळ्यांना आलं तसं. त्यावर तुझा तो टाय लावलेला फोटो, ज्यात तू तहसीलदारासारखा दिसतोस. खाली नालवाडीचा पत्ता. मला नालवाडीचा पत्ता! ज्या घराच्या पायव्याचा नारळ मी फोडला, त्या घराचा. कार्ड म्हणजे काही बोलावणं नव्हे रे. आचारी कोणता सांगितला, मंडप अंगणात की रस्त्यावर, वांगी किती आणायची, कुणी मला काही विचारलं नाही. तुझ्या अमोलच्या लग्नात मिठाचं पोतं कुठं ठेवलंय हे तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. आणि आता तुझ्या तेरवीला मी पाहुण्यासारखं पंगतीच्या वेळी जायचं?

सकाळपासून दुकानात बसलोय. शाळेतली पोरगी येऊन चित्रकलेची वही मागते, मी तिला आलेखाचे कागद देतो. मोबाईल उलटा ठेवतो, सुलटा करतो, परत उलटा ठेवतो. समोर तुझ्या कापड दुकानाचं शटर खाली आहे. तिकडं बघायचं नाही असं ठरवलं की मान नेमकी तिकडंच वळते. सकाळी डबा देताना कुंदा म्हणाली, "जाचं हाय त जा, पण तोंड कोणतं घेऊन जाता?" माझी बायको आहे, तिला गोड बोलायची सवय नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तोंड एकच आहे आणि सगळा घोळ त्यानंच केला. तुझ्या घाटावर, माईकवर, अख्ख्या बाजारपेठेसमोर.

तुझे पुण्याचे व्याही एकदा आपल्याकडच्या मयतीला आले होते, आठवतं? चितेला अग्नी दिला, आणि लोक घरी जायचं सोडून निंबाच्या सावलीत जमले, स्पीकर आला. व्याही घाबरून माझ्या कानाशी लागले, "आता इथं काय आहे?" मी म्हटलं, शोकसभा. "इथंच? आत्ता?" हो, इथंच, आत्ताच. आपल्याकडं अशीच रीत. माणूस जळत असतो आणि लोक एकेक करून पुढं येतात, दोन शब्द बोलतात, मग दोन मिनिटं स्तब्ध राहतात आणि घरी जातात. तू हात जोडून उभा राहिलास, "आज या ठिकाणी" म्हणून सुरुवात केलीस, आणि व्याह्यांचा चेहरा हळूहळू निवळला. परतताना ते म्हणाले, आमच्याकडं असं काहीतरी असायला पाहिजे होतं.

वर्ध्यातल्या निम्म्या माणसांना तूच निरोप दिलास. सावकार असो की हमाल, सभा तूच घ्यायचास. याचं मूळ नाचणगावात. तुझे सासरे, शालू वहिनींचे वडील, गेले तेव्हा आपण दोघं बसनं गेलो होतो. त्या माणसानं गावातल्या लग्नाकार्यात जन्मभर वाढपं केलं, आणि त्याच्या घाटावर कुणी तोंड उघडलं नाही. पुढारी यायचा होता, तो आला नाही, म्हणून सभाच झाली नाही. परतीच्या बसमध्ये पुलगाव मागं पडलं. मग तू म्हणालास, "दिग्या, पुढारी आला तरच माणूस चांगला होता काय बे?" पुढच्याच मयतीला तू माईक हातात घेतलास. तो शेवटपर्यंत तुझ्याच हातात राहिला.

पण तुझं ते एक वाक्य! "आता ज्यांना उत्स्फूर्तपणे दोन शब्द बोलायचे असतील, त्यांनी पुढं यावं." मी निंबाखाली उभा राहून दातओठ खायचो. कारण मला माहीत होतं, इकडं तिरडी बांधणं चालू असतानाच तू अंगणात एक चक्कर मारून आलेला असायचास. ह्याच्या कानात, त्याच्या कानात. "काका, तुमी बोलजा बरं. त्यानं तुमच्या पोट्टीच्या लग्नात रात्रभर मंडपात जागल केलती, ते सांगजा." आणि मग घाटावर ते काका उत्स्फूर्तपणे पुढं यायचे.

दुसऱ्या दिवशी चहाला मी तुला धरायचोच.

"मन्या, याले उत्स्फूर्त म्हणतेत काय बे?"

"मंग काय म्हणतेत?"

"तू आधी जाऊन सांगतलं. सांगतल्यावर बोल्ला तो उत्स्फूर्त कसा?"

"अबे, मी काय भाषण लिहून देल्लं त्याले? शब्द त त्याचेच होते ना?"

एकदा तर मी दुकानातून शब्दकोश उचलून तुझ्या गल्ल्यावर आणून आपटला. वाचून दाखवलं, उत्स्फूर्त म्हणजे आतून आपोआप उसळून आलेलं. तू मीटरपट्टी गालावर टेकवून ऐकलंस आणि म्हणालास, "उसळते ते दूध. आणि दूधबी गॅस पेटवल्याबिगर उसळत नाई." दोन्हीकडची गिऱ्हाइकं हसली. मी शब्दकोश काखेत मारून परत आलो. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

मला त्या शब्दाची चीड होती हे खरं. त्याचं काय करून ठेवलंय लोकांनी! आठवडाभर आधी फ्लेक्स लागतो, त्यावर छापलेलं असतं, नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. अजून कार्यक्रम व्हायचाय आणि प्रतिसाद आधीच छापून तयार. आणि तो बंद? मोटारसायकलवर पोट्टे आले, दुकानादुकानात सांगत गेले, "काका, उद्या उत्स्फूर्त बंद हाय, शटर उघडाचं नाई." तू त्यातल्या एकाला थांबवून विचारलंस, "आन् उघडलं तर?" तो म्हणाला, "तर मंग पाहा." आपण दोघं इतके हसलो की तुला ठसका लागला. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता तू कबूल करशील. पण नाही. तू म्हणालास, पोट्ट्यांचं सोड, माझ्या सभेचं वेगळं आहे. "कोणी सांगतल्याबिगर माणूस रडतबी नाई, दिग्या. लाजते. त्याले सांगा लागते, का बाबा, रड आता, चालते."

यावर मी काय बोललो आठवत नाही. काहीतरी टोचूनच बोललो असेन.

आणि ते जिनिंगमधलं. आपण ओल्या कापसाच्या गंजीला लागलेली आग पाहायला गेलो होतो, आग म्हणजे नुसता धूर. मी म्हटलं, बघ, हे खरं उत्स्फूर्त. कुणी काडी लावली नाही, आपोआप पेटलं. तू मान हलवलीस. "आपोआप नाई पेटत बे. आतल्या आत तापून राह्यते, वरून दिसत नाई, एवढंच." तो वाद तसाच राहिला. फायर ब्रिगेडची गाडी आली आणि आपल्याला बाजूला व्हावं लागलं.

माझ्या वडिलांचं मात्र मी तुला कधी सोडणार नाही. त्यांच्या घाटावर मी कागद नेला होता. त्यांच्या उशाशी बसून लिहिलेला, खाडाखोड करून परत लिहिलेला. तू माईक देताना माझ्या कागदावर हात ठेवलास आणि हळूच म्हणालास, "हा राहू दे, तसंच बोल." मी तुझा हात झटकला आणि वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. नंतर तू एकच वाक्य बोललास, "तुह्या बापाले तू वाचून दाखवलं, सांगतलं नाई." मी तुझ्याशी पोळ्यापर्यंत बोललो नव्हतो. पोळ्याला तूच पुरणपोळीचा डबा घेऊन आलास आणि विषय मिटला असं दोघांनी धरलं. मिटला नव्हता, मनोहर. कागद होता म्हणून मी त्या दिवशी उभा राहू शकलो. तुला तोंड उघडलं की शब्द सापडायचे. माझ्यासारख्याचे हात थरथरतात, जीभ टाळूला चिकटते, आणि नको ते निघेल ही भीती कायम मानगुटीवर. मी तयारी करतो ती प्रेम कमी म्हणून नव्हे. हे तुला समोर बसवून सांगायचं होतं, ते राहिलं.

बरं, नको ते निघेल ही भीती खोटी होती का? निघालंच की.

तू गेलास ती बातमी मला तुझ्याच फोनवरून आली. स्क्रीनवर तुझं नाव, मी उचलून म्हटलं, "बोल बे." पलीकडं सुट्टीवर आलेला अमोल होता. अंघोळीला जातो म्हणून तू उठलास आणि पलंगावर परत बसलास, एवढंच तो सांगू शकला. मी तुझ्या घरी पोचलो तेव्हा आत बायकांचा आकांत, अंगणात बांबू येऊन पडलेले, आणि मी काम शोधत होतो. काम असलं की माझे हात थरथरत नाहीत. कुणीतरी म्हणालं, माईक? माईक तुझ्याच दुकानात. अमोलकडून किल्ली घेतली, शटर वर केलं. ताग्यांच्या मागं तू स्वतःच्या पैशानं घेतलेला तो लहान स्पीकर. चार्ज आहे का पाहिलं. होता. तू तो नेहमी चार्ज करून ठेवायचास. कोणाचं काय सांगता येते, म्हणायचास.

अग्नी दिला. ऊन मी म्हणत होतं. लोक सवयीनं निंबाखाली सरकले. मी स्पीकर मांडला, बटण दाबलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं. आवाज स्वच्छ होता. आणि मग काहीच झालं नाही.

लोक उभे. मीही उभा. लाकडं तडतडत होती. कुणी रुमालानं मान पुसली, कुणी खोकलं. माजी नगरसेवक बाजूच्याला कोपरानं ढोसत होते. मला आधी कळेचना की हे सगळे थांबलेत कशासाठी. मग कळलं. सगळे तुझी वाट बघत होते. एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की आज सभा घ्यायची कुणी? तू येशील, हात जोडशील, "आज या ठिकाणी" म्हणशील, असंच प्रत्येकाला वाटत होतं. कुणाच्या कानात आधी जाऊन कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगणारा वर लाकडांवर होता. दुसऱ्यांना काय नावं ठेवू, माईक मी आणला होता, तो तुझ्या हातात द्यायलाच ना?

मागून कुणीतरी म्हणालं, "दिगांबरभाऊ, तुमीच बोला न बाप्पा."

मी खिशात हात घातला. खिशात तुझ्या दुकानाची किल्ली. कागद नाही. मी तोंड उघडलं आणि माईकवर, चितेकडं पाहत म्हणालो:

"अबे मन्या, उठ ना बे. काऊन झोपून राह्यला? सारे थांबले हायेत. सभा कोण घेईन, तुहा बाप? उठ भाडखाऊ, उठ."

आवाज पार रस्त्यावरच्या रसवंतीपर्यंत गेला असेल. नंतर मी रडलो म्हणतात. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एक पोट्टं फिस्सकन हसलं ते, आणि त्याच्या बापानं त्याच्या पाठीत घातलेला धपाटा. माजी नगरसेवकांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि जाहीर केलं, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. उभे तर सगळे आधीपासूनच होते, आणि स्तब्ध तर फारच.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. शेवटची ओळ, "यावेळी उपस्थितांनी उत्स्फूर्त श्रद्धांजली अर्पण केली." मन्या, त्या शब्दावरून मी तुझ्याशी आयुष्यभर भांडलो, आणि तो एकदाचा खरा छापून आला तर मला पेपर गादीखाली घालावासा वाटला. पोट्ट्यांनी व्हिडिओ काढला होता, तो कुणाकुणाच्या स्टेटसवर लागला. बाजारात मी दिसलो की बोलणं थांबतं. पानठेल्यावरचा म्हणतो, "काका, मी मेलो तं मलेबी दोन देजा." चेष्टा कळते मला, हसायलाही येतं थोडं, पण घरी आलो की जेवण जात नाही. कुंदानं पहिल्याच दिवशी सुनावलं, "दोन शब्द बोलाले सांगतलं होतं लोकायनं, दोन शिव्या नाई."

अस्थी घेऊन पवनारला गेलो तेव्हा अमोल धाम नदीच्या पाण्यात उतरला होता. मी काठावर टॉवेल घेऊन उभा. तो वर आला आणि माझ्याकडं न बघता दुसऱ्या कुणाचा तरी टॉवेल घेतला. तेव्हापासून मी नालवाडीला गेलेलो नाही. रोज निघतो. एकदा तर रेल्वे फाटकापर्यंत गेलो होतो, तिथून परतलो. शालू वहिनींना काय तोंड दाखवू? त्या घाटावर नव्हत्या. त्यांच्या कानावर ते कसं गेलं असेल, कुणी काय मीठमिरची लावून सांगितलं असेल? त्यांच्या नवऱ्याला शेवटी काय म्हटलं, तर शिवी. आणि कुणी दिली, तर ज्याला इतकी वर्षं भाऊजी म्हणून चहा पाजला त्यानं. ते एक घर गेलं हातचं, असं वाटतं. मला सख्खी भावंडं नाहीत हे तुला माहीत आहे. वर्ध्यात मला न विचारता आत जाता यायचं असं तेवढं एकच दार होतं.

आणि आणखी एक भीती आहे, ती मी कुंदाला सांगितलेली नाही. आतून आपोआप येतं तेच खरं, असं मीच तुला शब्दकोश आपटून सांगत होतो. मग माझ्या आत तुझ्यासाठी हेच होतं का? शाळेत एका बाकावर बसलो, एका भिंतीशी सायकली लावल्या, समोरासमोर दुकानं टाकली, एकमेकांच्या घरातली दुखणी काढली, आणि या सगळ्याच्या तळाशी काय उरलं, तर भाडखाऊ? तू आतल्या आत तापणाऱ्या कापसाचं बोलला होतास. मी तुझ्यावर रागावलेला होतो का, मनोहर? असेन. न सांगता गेलास. निदान मला तरी कानात येऊन सांगायचं होतंस, का दिग्या, तू बोलजो बरं.

तुला पहिल्यांदा छातीत दुखलं तेव्हा मी दवाखान्यात आलो होतो. येताना ऑटोमध्ये वाक्य जुळवत आलो. मनोहर, तू आहेस म्हणून मी या गावात बिनघोर राहतो. असं साधं वाक्य. तीनदा घोकलं, ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलंही. खाटेशी आलो, वाक्य जिभेवर होतं, आणि तू म्हणालास, "डब्यात काय हाय बे?" मी म्हटलं, मुगाची खिचडी. तू म्हणालास, कुंदाले सांगजो, मले मारून टाकाचं असंन त सरळ सांग म्हणा, खिचडी देऊन नको. नर्ससुद्धा हसली. माझं वाक्य तसंच परत घरी आलं. तू बरा होऊन दुकानात बसलास आणि ते सांगायची गरज संपली असं मी समजलो. ते खिचडीच्या डब्यासारखं दोन्ही हातात धरून अजून उभा आहे मी.

उद्यासाठी कागद लिहिलाय. नीट, शुद्ध, दोन्ही बाजूंनी. वाचू देतील की नाही माहीत नाही. मुळात जाईन की नाही हेच माहीत नाही.

इथवर लिहिलं आणि शटर ओढलं होतं. आता तुझी तेरवी आटोपून आलोय आणि पुढचं लिहितोय.

कुंदानं पांढरा शर्ट काढून दिला आणि म्हणाली, मी पंगतीपर्यंत येते, तुमी व्हा पुढं. मी स्कूटर तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच लावली, आत नेली नाही. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर फिरवता यावी म्हणून. फाटकात अमोल उभा होता, मोबाईल कानाला लावून. मला पाहिलं आणि फोन ठेवला. माझी पावलं थांबली.

"काका, कुठी होते तुमी? दह्याचा पत्ता नाई, आचारी ओरडून राह्यला, आई सकाळपासून तुमचंच नाव घेऊन राह्यली."

"मला कुणी बोलावलं नाही ना," माझ्या तोंडून निघालं.

अमोल माझ्याकडं बघतच राहिला. "तुमाले?" एवढंच म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "काका, मले त बाबा गेल्यापासून काईच आठवत नाई. कोण आलं, कोण गेलं. तुमी रागावले काय माह्यावर?"

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. पदर खोचलेला, डोळे सुजलेले, आणि आवाज मात्र चांगला खणखणीत.

"अस्थीले गेले ते आज उगवले. सांगा लागते काय तुमाले? घरच्या माणसाले कोणी आवतन देते? रोज वाटे, फोन लावाव कुंदाताईले. मंग म्हणलं, नाई. पाहू त खरं, आपल्या मनानं येतेत का नाई."

मी मान खाली घातली आणि दही आणायला गेलो. जाताना मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दहीवाल्यानं किती किलो विचारलं तर मी त्याला "हो" म्हटलं.

कार्यक्रमात मी कागद वाचला. हो, वाचला. तू काहीही म्हण. अर्ध्यावर पंगतीच्या पत्रावळींचा आवाज सुरू झाला, कुणी फारसं ऐकलं नाही, पण मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दवाखान्यातलं ते वाक्य त्यात घातलं होतं. शुद्ध मराठीत बरं दिसलं, पण लागलं कुणाला नाही, मलासुद्धा नाही.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. कुंदा मागं भांडी मोजून देत होती. वहिनींनी मला समोरच्या खोलीत बोलावलं. तुझ्याच खुर्चीवर तुझा तो टाय घातलेला फोटो ठेवलेला, हार थोडा एका बाजूला गेलेला. वहिनींनी दार लोटून घेतलं.

"घाटावर काय बोल्ले म्हणे तुमी?"

मी म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं. भान नव्हतं."

"चुकलं का बरोबर, ते मी विचारून नाई राह्यली. पोट्टे मोबाईल दाखवाले आलते, मी नाई पाह्यला. मी तथी नव्हती ना, भाऊजी. तुमी सारे होते, मी नव्हती." त्यांचा खणखणीत आवाज इथं पहिल्यांदा फाटला. "मले तुमच्या तोंडून आयकाचं हाय. जसं बोल्ले तसं बोला."

जसं बोललो तसं. शब्द तर पाठच आहेत, इतके दिवस डोक्यात दुसरं काही नाही. तोंड उघडलं, "उठ ना" म्हटलं, आणि ते असं निघालं की शाळेच्या गॅदरिंगमधलं पोरगं बोलतंय. थांबलो. घसा साफ केला. परत म्हटलं, परत तसंच. त्यापुढचं तर जिभेवरच येईना.

"नाई निंघत, वहिनी," मी म्हटलं. "तथी निंघालं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. मग फोटोकडं वळल्या. आयुष्यभर ज्यांनी तुझं नाव घेतलं नाही, तुला अरेतुरे केलं नाही, त्या बाईनं पदर सारखा केला आणि रोज सकाळी चहा ठेवून हाक मारत असतील त्याच आवाजात, जराशा वैतागून म्हणाल्या, "अहो, उठा ना आता. भाऊजी येऊन बसले केव्हाचे."

आम्ही दोघंही थांबलो. खरंच थांबलो, मनोहर, फोटोकडं बघत.

तू काही उठला नाहीस बे.